नवमीचं मीठ

"ताई, नवमीचा नैवेद्य सगळ्यांच्या पंगतीत बसून खाल्लास तर हे घर तुझं. एक घास खा, मी पुढे काही विचारणार नाही. नाही खाल्लास तर दुसरीकडे सोय बघ."

माझा धाकटा भाऊ हे हिंचक्यावर बसून बोलला. झोका थांबवायचे कष्टही त्याने घेतले नाहीत, त्यामुळे एवढं मोठं वाक्य कड्यांच्या कुरकुरीबरोबर पुढेमागे होत आलं आणि मला हसू फुटलं. मी हसले म्हणून तो आणखी चिडला. मी मुसलमान झाल्याचं घरात कळून तेव्हा चार महिने झाले होते आणि नवरात्र तीन आठवड्यांवर आलं होतं. आई स्वयंपाकघरात होती. तिने सगळं ऐकलं, कारण आत भांड्यांचा आवाज थांबला होता. थोड्या वेळाने तो पुन्हा सुरू झाला.

लोकांना या गोष्टीत एक पुरुष हवा असतो. तो नाही, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे शोधाशोध वाचेल. मी त्रेचाळीस वर्षांची आहे, लग्न केलेलं नाही आणि मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात व्हॉल्व्हचे सुटे भाग तपासते. तरीही ज्याला कळलं त्याने पहिला प्रश्न तोच विचारला. कारखान्यात माझ्याशेजारी बसणारी बाई जेवणाच्या सुट्टीत खुर्ची जवळ ओढून म्हणाली, "साचुं कहेजो बेन, कोण छे ए?" भावजयीने माझा मोबाइल चाळला. आणि जिथे हा प्रश्न विचारला जाणार नाही अशी माझी भाबडी समजूत होती, त्या पाणीगेटच्या मुसलमान वस्तीतल्या बायकांनीही माझे हात हातात घेऊन मेंदी शोधली आणि विचारलं, "दूल्हा क्या करता है?" बाई स्वतःच्या डोक्याने काही ठरवू शकत नाही, यावर बडोद्यात दोन्ही बाजूंचं एकमत आहे. इतका सलोखा मी दुसऱ्या कुठल्याच बाबतीत पाहिलेला नाही.

मी स्वभावाने गोड नाही. वीस वर्षं माझं काम नापास करायचं आहे. टेबलावर आलेला भाग मापायचा, केसाइतका फरक निघाला तरी लाल रंगाचा ठिपका मारून वेगळ्या पेटीत टाकायचा. वरिष्ठ येऊन म्हणतात, बेन, एवढं चालशे. मी म्हणते, नहीं चाले. हा स्वभाव घरीही माझ्याबरोबर येतो आणि घरच्यांना त्याचा जाच होतो, हे मला मान्य आहे.

आमचं घराणं शिपाईगिरीचं. पणजोबा संस्थानच्या पागेत होते, तिथून पुढे आजोबा पोलिसात, वडील रेल्वेत आणि भाऊ एका विमा कंपनीत. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या शौर्य कसं उतरत गेलं ते दिसतंच. पणजोबांची तलवार मात्र राहिली आहे. खंडेनवमीला ती खाली काढायची, चिंच लावून साफ करायची, तेलाचा हात फिरवायचा आणि देवीपुढे ठेवायची. खरं तर हे मुलाचं काम. पण भावाला रक्ताचा थेंब दिसला तरी भोवळ येते, म्हणून वडिलांनी मी अकरा वर्षांची असतानाच ते माझ्याकडे दिलं. नवमीला आमच्याकडे देवीला मटणाचा नैवेद्य असतो. शेजारच्या गुजराती कुटुंबांना हे पक्कं माहीत आहे आणि माहीत नसल्यासारखं दाखवायची त्यांची सवयही जुनी आहे. त्या दिवशी आमच्या बाजूच्या त्यांच्या खिडक्या सकाळी नऊलाच लागतात.

मटण आणायचं पाणीगेटहून, आजोबांपासून एकाच घरच्या कसायाकडून. आणि शिजवताना आईचा नियम एकच, पण काळ्या दगडावरची रेघ. देवीला दाखवल्याशिवाय रस्सा चाखायचा नाही. त्यामुळे मीठ नुसत्या अंदाजाने पडायचं. एरवी आईच्या हाताला जी चव आहे ती सबंध सोसायटीला ठाऊक आहे, पण नवमीचं मटण कधी खारट व्हायचं तर कधी आळणी. नैवेद्याला नाव ठेवायचं नसतं, म्हणून सगळे गुमान जेवायचे आणि वडील हळूच मिठाची वाटी पुढे ओढायचे. मी नऊ वर्षांची असताना एकदा मी पातेल्यात बोट बुडवून चाखलं. आईने माझ्या पाठीत धपाटा घातला, ते अख्खं पातेलं उष्टं झालं म्हणून गडीमाणसांना वाटून टाकलं आणि वडिलांना सायकलवरून पुन्हा पाणीगेटला पाठवलं. त्या नवमीला आम्ही दुपारी चार वाजता जेवलो. सहा वर्षांचा भाऊ भुकेने रडून रडून झोपून गेला होता.

मी या वाटेला कशी लागले ते थोडक्यात सांगते. वडील शेवटचे तीन आठवडे दवाखान्यात होते. पलीकडच्या खाटेवर एक म्हातारी होती. सलाइनची सुई हातात असताना, खाटेवर बसल्या बसल्याच ती दिवसातून पाच वेळा मान लववायची. तिच्याकडे कोणी पाहत नव्हतं आणि कोणी पाहावं अशी तिची अपेक्षाही नव्हती. मला तिचा हेवा वाटला आणि हेवा वाटला याचा राग आला. वडील गेल्यावर मी कुराणाचं मराठी भाषांतर आणलं, ते चुका काढायला. पेन्सिल घेऊनच बसले. दोन वर्षं वाचलं. काय पटलं आणि का, हे मी कुणाला समजावत बसणार नाही. जिला पटायला हवं होतं तिला पटलं. एवढंच सांगते की दार लावून पहिल्यांदा कपाळ जमिनीला टेकवलं तेव्हा, आयुष्यभर दुसऱ्यांना तपासणारी मी स्वतः तपासली जात होते आणि त्याचा मला राग आला नाही. असं माझ्या बाबतीत फार वेळा होत नाही.

घरात कळलं ते माझ्या मूर्खपणामुळे. नमाज पश्चिमेकडे तोंड करून पढायची. माझ्या खोलीत पश्चिमेच्या भिंतीवर वडिलांचा चंदनाचा हार घातलेला फोटो होता. समोर तसबीर ठेवून नमाज पढू नये असं वाचलं होतं, म्हणून मी दर वेळी फोटो उतरवायची, पलंगावर ठेवायची आणि धूळ बसू नये म्हणून त्यावर चादर टाकायची. झालं की पुन्हा खिळ्याला. सुट्टीच्या दिवशी पाच-पाच वेळा माझे वडील चढत-उतरत होते. एका रविवारी दुपारी मी कडी लावायला विसरले आणि भावजय उशांचे अभ्रे न्यायला आत आली. तिला दिसलं ते असं: सासऱ्यांचा फोटो पलंगावर आडवा, पांढऱ्या चादरीने पायापासून डोक्यापर्यंत झाकलेला, आणि नणंद मोकळ्या भिंतीपुढे जमिनीवर पालथी. ती किंचाळली. त्या किंचाळण्याने खालच्या मजल्यावरचेही वर आले.

पुढचे चार दिवस आमच्या घरी शेजारणी येऊन बसत होत्या. गुजराती घरात कुणी गेलं की बेसणं असतं, पांढरे कपडे घालून लोक येतात, गप्प बसतात आणि उठून जातात. अगदी तसं. फरक इतकाच की मेलेलं माणूस आतल्या खोलीत चालतंफिरतं होतं आणि मधूनच पाणी प्यायला बाहेर येत होतं. मी बाहेर आले की त्या आईच्या गुडघ्यावर हात ठेवायच्या. एकीला मी विचारलं, "काकी, चहा घेणार?" तिने घाईघाईने नको म्हटलं, जणू चहा माझ्या अंगातून येणार होता.

आई ओरडली नाही. तिने फक्त दोन प्रश्न विचारले. "कोण आहे?" मी म्हटलं, कोणी नाही. "मग कशाला?" तिने विचारलं, आणि हा दुसरा प्रश्न मला पहिल्यापेक्षा जास्त लागला. कोणी असता तर तिला समजलं असतं, तिने शिव्या घातल्या असत्या आणि वर्षा-दोन वर्षांत जावई म्हणून त्याला घरात घेतलंही असतं. कोणीच नव्हतं, म्हणजे मी तिला सोडून गेले होते ते फुकटच. त्यानंतर ती माझ्याशी थेट बोलेनाशी झाली. फ्रीजकडे बघून म्हणायची, "ज्यांना चहा हवा त्यांनी घ्यावा." माझं ताट, वाटी, पेला मोरीजवळच्या वेगळ्या फळीवर गेले आणि स्वयंपाकघराचा उंबरठा मला बंद झाला. वडील गेल्यापासून आम्ही दोघी रात्री ओट्याजवळ बसून बोलत बोलत जेवायचो. आता मी माझ्या खोलीत जेवायची आणि ती कधी जेवते ते मला कळायचंही नाही. मला त्याचं फार वाईट वाटायचं. वाईट वाटलं की मी भांडते, पण भांडायला समोर फ्रीजच असायचा.

कारखान्यात वेगळे हाल. नमाजेआधी हातपाय धुवायचे, म्हणजे बायकांच्या एकुलत्या एक बेसिनमध्ये पाय वर करून धुवायचा. त्रेचाळिसाव्या वर्षी एका पायावर उभं राहून हे करून बघा. झाडूवालीने पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी बेसिनवर चिठ्ठी लागली, अहीं पग धोवा नहीं. मग मी बाटलीतून पाणी नेऊन मागच्या आवारात धुवायला लागले आणि नापास मालाच्या पेट्यांमागे, माझ्याच लाल ठिपक्यांच्या सोबतीने नमाज पढायला लागले. शेजारची बाई रोज माझ्या डब्यातली भाजी हक्काने घ्यायची, ती एकदम उपास करायला लागली. आठवड्याचे सहाही दिवस.

रविवारी मी पाणीगेटला शिकायला जायची. तिथे एका घरात मुलींना कुराण वाचायला शिकवणारी एक वृद्ध बाई होती, तिला सगळ्या खाला म्हणायच्या, म्हणून मीही म्हणायची. मी अरबी शब्द देवनागरीत वहीत उतरवून आणायची आणि खाला वही मिटून टाकायची. "लिख मत. सुन." सात-सात वर्षांच्या मुली माझ्यापुढे निघून गेल्या होत्या आणि माझ्याकडे दयेने पाहायच्या. एकदा खालाने माझ्या बोटांवर पट्टी मारली. मी तिच्याकडे असं पाहिलं की तिने पुन्हा मारली नाही. पण पट्टी परवडली, बघायला येणाऱ्या बायका नकोत. नवी मुसलमान बघायला त्या गल्लीगल्लीतून यायच्या, अंगठी बघायला यावं तशा. नाव का बदललं नाही, बुरखा का नाही, कपाळावर टिकलीची खूण राहिली आहे का. एक म्हणाली, "तुम्हारे घर में तो अब भी बुत-मूर्तियाँ हैं ना? वहाँ का पानी कैसे पीती हो?"

"पेल्यातून," मी म्हटलं. "माझ्या आईच्या घरचं पाणी आहे ते. त्याला नावं ठेवायची नाहीत." रागात मराठीतच बोलले. त्यांना शब्द कळले असतील-नसतील, सूर कळला. खाला तोंडावर ओढणी धरून हसत होती. त्या बायका पुढच्या रविवारी आल्या नाहीत, हा त्यातला फायदा.

आमच्या राज्यात धर्म बदलायचा तर सरकारदरबारी अर्ज द्यावा लागतो. अर्जात वय, जात, व्यवसाय आणि कारण. कारणासाठी एक ओळ सोडलेली होती. मी लिहिलं, पटलं म्हणून. कारकुनाने ते दोनदा वाचलं आणि विचारलं, बीजुं कंई, म्हणजे आणखी काही? मी म्हटलं, नथी. मग चौकशीला साध्या कपड्यांतला एक पोलीस घरी आला, हिंचक्यावर बसला आणि आईला विचारलं की तुमच्या मुलीवर कुणाचा दबाव आहे का. मी दारात उभी होते. पाच-सहा आठवडे फ्रीजशी बोलणारी माझी आई उसळली आणि अस्खलित गुजरातीत त्या माणसावर तुटून पडली. हिच्यावर दबाव? हिच्या बापाला जमला नाही तो कुणाला जमणार? ही कुणाचं ऐकणारी असती तर वीस वर्षांपूर्वी हिचं लग्न नसतं का झालं? पोलिसाने निमूटपणे लिहून घेतलं. माझ्यावर कुणाचा दबाव नाही याचा याहून भक्कम पुरावा सरकारला मिळाला नसता. तो गेल्यावर आईने माझ्याकडे न बघता त्याची कपबशी उचलली आणि आत गेली.

तर अशा घरात भावाने नवमीची अट घातली. मी खोली बघायला लागले. तरसालीत आणि अकोट्यात आधी हो म्हणायचे, मग दोन दिवसांत कुठून तरी कळायचं आणि भाचा राहायला येणार असायचा. बडोद्यात इतके भाचे आहेत हे मला माहीत नव्हतं. पाणीगेटला दुसरीच भीती. एक घरमालक हात जोडून म्हणाला, "बेन, कल को कोई आके बोलेगा हमने तुमको भगाया है." मी म्हटलं, मला या वयात पळता येत नाही. त्याला विनोद आवडला, पण खोली दिली नाही. शेवटी तिथल्याच एका विधवा बाईची वरची खोली मिळाली. तिने आधी सरकारी कागद बघितला, मग मला बघितलं आणि दोन्हींत तिला कागद जास्त आवडला. मी तिला घरून फोन करून सांगितलं, नवमीनंतर कळवते. आई तेव्हा शेजारीच फ्रीज पुसत होती.

नवमीनंतर, कारण मला अजून आशा होती. खरं सांगायचं तर मला घर नको होतं, आई हवी होती. एक घास, भाऊ म्हणाला होता. रात्ररात्र नाही, पण जागेपणी मी त्या एका घासाचा पुष्कळ विचार केला. देवीला दाखवलेलं अन्न मला आता खाता येत नव्हतं. डोळे मिटून गिळलं असतं तर कुणाला काय कळणार होतं? पण मी एकदा एक चुकीचा भाग डोळे मिटून पास केला की त्या पेटीतल्या उरलेल्या पास मालाला काय किंमत, हे मी वीस वर्षं नव्या पोरींना शिकवत आले आहे. मी खाणार नव्हते. आणि मला आई हवी होती. या दोन गोष्टी एकमेकींशेजारी बसत नव्हत्या आणि मी त्या घासूनही बसवू शकत नव्हते.

अष्टमीच्या संध्याकाळी भावाने जाहीर केलं की या वर्षी मटण पाणीगेटहून येणार नाही, शहराच्या दुसऱ्या टोकाला आपल्या माणसाचं दुकान निघालंय, तिथून आणायचं. "तुझ्या आजोबांनी जिथून आणलं तिथूनच यायचं," आई म्हणाली.

"आई, अजून त्यांच्याकडून? एवढं झाल्यावर?"

"देवीने आजवर तक्रार केलेली नाही. तू नको करू. आणि सकाळी मी येते बरोबर, तुला चांगलं मटण कळत नाही." मला वाटलं, म्हातारीचा नेहमीचा हट्ट. ती गुडघेदुखीमुळे वर्षभर जिना उतरली नव्हती, हे त्या क्षणी माझ्या लक्षात आलं नाही.

नवमीला सकाळी दोघं जाऊन आली. मग भावाने तलवार काढली. मी माझ्या खोलीच्या दारातून बघत होते. त्याने भांड्याची तारेची घासणी घेतली आणि पात्यावर खसाखसा चालवली. माझ्याच्याने राहवलं नाही. "अरे घासणी नको! ओरखडे पडतील. चिंच लाव."

"तू हात लावायचा नाहीस," तो म्हणाला. पाच मिनिटांत त्याने बोट कापून घेतलं, रक्त पाहिलं आणि पांढरा पडून भिंतीला टेकून बसला. भावजय पट्टी आणायला धावली. मी हसले. हसायला नको होतं, पण हसले. "तुझीच नजर लागली," तो डोळे मिटून म्हणाला. मुठीजवळचा गंज तसाच राहिला. तो अजूनही तिथे असणार.

साडेअकराला स्वयंपाकघरातून आवाज आला. "इकडे ये."

मला वाटलं भावजयीला हाक मारतेय. पुन्हा आवाज आला, "अगं, तुलाच. बहिरी झालीस?" मी जाऊन उंबरठ्याबाहेर थांबले. "आत ये आणि दार लोट."

ओट्यावर मोरीजवळच्या फळीवरची माझी वाटी होती. तिच्यात रस्सा आणि मटणाचे चार तुकडे, वाफ येत होती. शेजारी पातेल्यावर झाकण होतं आणि देवीचं पान अजून कोरडंच होतं.

"हे वेगळं काढलंय," आई म्हणाली. "देवीला अजून दाखवलेलं नाही. मटण तुमच्यातल्याच माणसाने कापलंय, मी उभी होते समोर. तुझ्यात बसतं ना हे?"

मी वाटीकडे बघितलं, मग आईकडे. एका बोटापायी अख्खं पातेलं वाटून टाकणारी ही बाई. या घरात देवीच्या आधी कधी कुणी जेवलं नव्हतं.

"बसतं," मी म्हटलं.

"मग खा. अमथी रडू नको, गार होईल."

मी उभ्यानेच बिस्मिल्ला म्हणून खाल्लं. तिने ते ऐकलं आणि पदराने ओटा पुसला. मग, कधी नव्हे ते, तिने नवमीच्या दिवशी विचारलं, "कसं झालंय?"

छान झालंय म्हणायला हवं होतं. पण स्वभाव. "मीठ कमी आहे," मी म्हटलं.

"किती?"

"अर्धा चमचा. वर अगदी चिमूट."

तिने झाकण काढलं, अर्धा चमचा आणि वर चिमूट टाकली आणि ढवळलं. मी वाटी पुढे केली, पुन्हा बघते म्हणून. "बस झालं," ती म्हणाली. "आता ते देवीचं." झाकण पडलं.

मग पाठमोरी राहून म्हणाली, "खोली बघितलीयेस ती बाई बरी आहे. कसायाला विचारलं मी. त्याच्या बहिणीच्या घराशेजारी राहते. नळाला पाणी पहाटे येतं, उठावं लागेल."

म्हणून ती गुडघे धरून तीन जिने उतरली होती. "आई, मी जाऊ नको म्हण," मी म्हटलं. आयुष्यात इतकं उघड मी तिच्याकडे कधी काही मागितलं नव्हतं.

"जा," आई म्हणाली. "तो तुला इथे सुखाने घास गिळू देणार नाही आणि तू त्याला. रोज तुमचं भांडण वाढायला मी काही इथे बसलेली नाही. देवीला मी सांभाळून घेईन. त्याला नाही सांभाळता येत मला."

मी खोलीत सामान भरत असताना बाहेर पंगत बसली. भावाचा आवाज ऐकू आला, "आई, आज मीठ एकदम बरोबर पडलंय!" भावजय म्हणाली, "देवीची कृपा." आई म्हणाली, "अजून वाढू?" थोड्या वेळाने भाऊ पट्टी बांधलेला हात घेऊन माझ्या दारात आला. "ताई, पान मांडलंय."

"मी जेवले."

"कधी?"

"सगळ्यांच्या आधी," मागून आई म्हणाली.

मग तो माझ्याकडे नाही, आईकडे बघत राहिला. भुकेने रडत झोपला होता ती दुपार त्यालाही आठवत असणार. ताटात अर्धं मटण तसंच टाकून तो हात धुवायला गेला आणि मी रिक्षा बोलावली तेव्हा बाहेर आला नाही. मी बॅगा एकटीने उतरवल्या. खिडक्या बंद असल्या तरी पडद्यांच्या फटीतून सोसायटी बघत होती.

त्याला आता वर्ष झालं. पाणी खरंच पहाटे येतं. घरमालकीण फजरच्या, पहाटेच्या नमाजेच्या वेळी माझ्या दारावर काठीने ठोकते, मी झोपून राहिले तर पाप तिला लागणार असल्यासारखं. गल्लीतल्या बायका अजून विचारतात, निकाह कब है. मी अजून तुसडेपणाने उत्तर देते. भावाने माझा नंबर ब्लॉक केला आहे. आईने वर्षभरात एकदाही फोन केला नाही आणि मी केला तर, "ठेव आता, तो आलाय," एवढंच म्हणायची.

आज नवमी. मी सुट्टी घेतली नव्हती, पण कारखान्यातही आज पूजेमुळे काम नव्हतं, म्हणून घरीच होते. साडेअकराला फोन वाजला. आईच होती.

"मटण शिजत आलंय," ती म्हणाली.

"मग?"

"मग काय मग? मीठ कोण बघणार? रिक्षा कर आणि ये. पंगतीच्या आत निघून जायचं, थांबायचं नाही. तो एक वाजता येईल."

"आई, मला तिथे पोचायला अर्धा तास लागेल. तोवर नैवेद्याची वेळ टळेल."

"देवीला थांबवलंय मी," ती म्हणाली. "तू उशीर करू नकोस."